पहिल्या पळीचा मान

१

डॉर्कस बर्डिकची शिळा जागेवर नव्हती.

लोइस टेकाडावरच्या दफनभूमीत गवत उपटायला गेली होती. रविवारी सगळं बर्डिक खानदान जमणार होतं, आणि मेलेल्यांच्या अंगावर गवत वाढलेलं तिला खपत नसे. जिवंतांच्या अंगावर काय वाढतंय ते त्यांचं त्यांनी बघावं.

घरच्याच शेतातली ही दफनभूमी. मधोमध आमोस बर्डिक, इंग्रज राजाच्या काळात इथलं रान तोडून मका लावणारा मूळपुरुष. त्याच्या उजवीकडे पहिली बायको पेशन्स, डावीकडे दुसरी, डॉर्कस. तिघांच्या काळ्या पाटीच्या दगडाच्या शिळा, वर पंख फुटलेले चेहरे कोरलेले. आज डावीकडे नुसता खड्डा होता आणि खड्ड्याच्या काठावर ओली माती. थडग्याच्या पायांकडचा वीतभर खुणेचा दगड तेवढा तसाच उभा होता.

लोइस कंबरेवर हात ठेवून त्या खड्ड्याकडे बघत राहिली. आयुष्यभर तिने या डॉर्कसला नावं ठेवली होती. 'दूध काढायला आली आणि मालकीण होऊन बसली,' हे तिचं ठरलेलं वाक्य. पण नावं ठेवायलाही बाई जागेवर लागते.

"थिओ," ती मोठ्याने म्हणाली. दुसरं नाव तिच्या तोंडात आलंच नाही.

थिओडोरा म्हणजे गडग्यापलीकडच्या शेतातली, लांबची चुलत बहीण. आमोसला दोन मुलगे, जोब आणि स्टीफन. बापाच्या माघारी शेताचे दोन भाग झाले आणि मध्ये दगडी गडगा पडला. मूळ घर स्टीफनकडे गेलं. त्याची पाती, म्हणजे शाखा, ती थोरल्या बायकोची, लोइसची. जोबची पाती ती धाकटीची, थिओची. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. गावाचे जुने कागद आगीत गेले होते, आणि जोब म्हातारपणी उत्तरेला मुलाकडे जाऊन तिकडेच मातीत गेला, त्याची शिळाही इथे नव्हती. पण घर ज्याचं तो थोरला, यात विचारायचं काय?

या थोरलेपणाला एक मान होता. ऑगस्टच्या जमण्याला अंगणात मोठा तवा तापायचा, त्यावर पांढऱ्या मक्याच्या पिठाची धिरडी, म्हणजे जॉनीकेक पडायची. पहिली पळी घालायची ती पेशन्सच्या घरच्या बाईने. लोइसच्या आजीने घातली, आईने घातली, आई गेल्यापासून लोइस घालत होती. धाकटी पाती थाळ्या धरून उभी राहायची, आणि सगळ्यात पुढे थाळी असायची थिओची.

त्या थिओचे दात अजून स्वतःचे होते, नवरा जिवंत होता आणि मुलं न बोलावता जेवायला येत होती. देवाने एकाच घरात किती ओतावं याला काही धरबंध? लोइसचा मेरिल घरजावई होऊन आला, गरीब गाईसारखा राहिला आणि तसाच गेला. मुलगी कॅलिफोर्नियात, नाताळला फोन करते. लोइसकडे घर होतं आणि पळी होती.

यंदा तर हार्लन पेकला बोलावलं होतं. निवृत्त शाळामास्तर, जुनी घराणी हुडकायचा नाद. वर्षभर तो आमोसचा वंश शोधत होता आणि रविवारी सगळ्यांसमोर सांगणार होता. आणि आज गुरुवारी ही शिळा गायब.

लोइसने काठी उचलली. मग तिला गवत दिसलं. खड्ड्यापासून उतारावर, तुरे मोडून, रुंद पट्टा सपाट झालेला. चाकाची खूण नाही. जड काहीतरी घसरत नेलेलं. पट्टा सरळ गडग्यापर्यंत गेला होता.

गडग्यापलीकडे थिओच्या स्वयंपाकघराचं धुराडं दिसत होतं.

२

"ये, बस," थिओ म्हणाली. "तोंड असं का केलंयस? कॅलिफोर्नियाहून फोन आला की काय?"

"फोन नाताळला येतो. शिळा कुठे आहे?"

"कसली शिळा?"

"तुझ्या खापरपणजीची. डॉर्कसची. उपटून नेलीय कुणी."

थिओच्या हातातली पळी थांबली. तव्यावर तिची जॉनीकेक शिजत होती, बोटभर जाड, भाकरीच्या लहान बहिणीसारखी. लोइसने सवयीने नाक मुरडलं.

"अजून या गोवऱ्याच थापतेस?"

"आमच्या घरी उकळत्या पाण्यात पीठ भिजवतात, जाडच होतात. इथे खाडीच्या अलीकडे सगळ्यांकडे जाडच होतात, लोइस. आख्ख्या गावात एक तुझंच घर थंड दुधात पीठ कालवतं आणि जाळी पडेस्तोवर पातळ पसरतं. आणि वर आम्हालाच नावं."

"चव लागते त्याला."

"लागते ना," थिओ एकदम हळू म्हणाली. "मी काय बहिरी आहे जिभेची? लहानपणापासून थाळी धरून उभी राहते मी तुमच्या दारात. घरी येऊन चोरून करून बघितलं, दूध घालून. फाटलं. तव्याला चिकटून बसलं. तुझा हात मला मिळाला असता तर मी हे दोन दात काढून दिले असते."

लोइसला हे ऐकून इतकं बरं वाटलं की तिला शिळेचा क्षणभर विसर पडला. मग ती सावरली.

"म्हणून शिळा नेलीस. धाकटीचा पुरावा गेला की थोरली व्हायला मोकळी."

"अक्कल गहाण ठेवलीस का? मी धाकटीची आहे हे तू दरवर्षी माझ्या थाळीत वाढतेस. त्याला पुरावा कशाला? आणि स्वतःच्याच खापरपणजीचा दगड मी का उपटू? आमच्या पातीकडे तिच्याशिवाय दुसरं आहे काय?"

"घसरत आणलाय तो तुझ्या दिशेने. दगड ओढायची फळी तू नेली होतीस गेल्या आठवड्यात."

"नेली आणि परत दिली. मंगळवारी. कुंपणाचे दगड हलवायचे होते." थिओने जॉनीकेक उलटलं. "हवं तर माझ्या बाजूने जाऊन बघ गडगा. तुझी शिळा उडत आली असेल तर पिसं सापडतील."

लोइस खरंच गेली बघायला. थिओच्या बाजूला गवत गुडघाभर उभं होतं, पिवळी फुलं डुलत होती. एक काडी वाकलेली नव्हती. पण मत्सराने माणसाचे डोळे उघडे असून काम देत नाहीत. बाई चलाख आहे, गवत उभं करून ठेवलंय, एवढंच तिच्या मनात आलं.

ती परत वळली तेव्हा थिओने खिडकीतून हाक मारली.

"लोइस, फळी मी कुणाच्या हातात दिली ते तरी विचार."

"कुणाच्या?"

"तुझ्या भावाच्या."

३

वेंडेल लोइसपेक्षा लहान, विधुर, शेतातच पलीकडच्या खोपट्यात राहणारा. न्याहारीला मात्र रोज बहिणीच्या टेबलावर. आख्ख्या पंचक्रोशीत त्याच्यासारखा गडगा रचणारा नव्हता आणि त्याच्याइतका कमी बोलणाराही.

"फळी थिओने दिली तुला?" लोइसने विचारलं.

"दिली."

"मग?"

"छपरीत ठेवली."

"छपरीला कुलूप?"

"छपरीला दार तरी आहे का?"

संपलं. कुणीही न्यावी. लोइसने तो विषय तिथेच सोडला. वेंडेलवर संशय घेणं म्हणजे चुलीवरच्या किटलीवर संशय घेणं.

दुपारी हार्लन पेक आला. ओसरीवर बसला, टोपी गुडघ्यावर, कॉफीला नको म्हणाला आणि दिल्यावर सगळी प्यायला.

"मला कळलं, बर्डिकबाई. फार वाईट झालं. ती शिळा मला हवी होती."

"बरं झालं आपणहून बोललात. कुठे ठेवलीत?"

हार्लनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हवी होती म्हणजे वाचायला. शिळा दर पावसात, दर बर्फात खचत जातात. डॉर्कसची तर निम्मी जमिनीत गेली आहे. वरचं वाचता येतं, 'डॉर्कस, आमोस बर्डिकची दुसरी पत्नी.' खाली आणखी ओळी असणार. मी तुम्हाला विचारलं होतं, वर काढून सरळ करू का म्हणून."

"आणि मी म्हटलं होतं, मेलेल्या बाईला झोपू द्या."

"तुम्ही म्हटलं होतं, तिला जेवढी खाली जाता येईल तेवढी जाऊ द्या."

"तेच ते. आणखी कुणाला विचारलंत?"

हार्लनने टोपीची कड चाचपली. "गावभर विचारत असतो मी. माझं कामच ते."

"बुधवारी कुठे होतात?"

"खाडीपलीकडे, बेटावर. दिवसभर तिथल्या पाद्र्याबरोबर दफनभूमीत गुडघ्यावर होतो, विचारा त्यांना. डॉर्कसचं माहेर सापडलं मला, बर्डिकबाई. ती बेटावरची. पेशन्स वारल्यावर आमोसकडे दूध-लोण्याच्या कामाला आली. तिच्या आईबापांच्या शिळा मी स्वतः बघितल्या."

"म्हणजे मी म्हणत होते तेच. गवळण."

"चांगल्या घरची होती. आणि आणखी एक गोष्ट आहे, रविवारी सांगणारच आहे, पण तुम्हाला आधी सांगावी असं वाटतं. आपण सगळे धरून चाललोय की घर थोरल्याला मिळालं. पण त्या काळच्या शेतकऱ्यांची रीत तशी नव्हती. थोरली मुलं लग्न झालं की आपापला तुकडा घेऊन वेगळी व्हायची. म्हाताऱ्या आईला सांभाळत घरात राहायचं ते शेंडेफळ, आणि…"

"मास्तर," लोइस उठली, "तुमचं शेंडेफळ तुमच्याजवळ ठेवा. आधी चोर, मग वंशावळ."

तिने केरसुणी घेतली आणि ओसरी झाडायला सुरुवात केली, त्याच्याच बुटांपासून. हार्लन गेला. पण जाताना फाटकापाशी थांबून त्याने खालच्या शेतात काम करणाऱ्या वेंडेलकडे बघितलं, आणि वेंडेलने मान फिरवली.

४

शुक्रवारी न्याहारीला वेंडेल बसला. लोइसने तवा तापवला, खारवलेल्या डुकराच्या चरबीचा तुकडा फिरवला, दुधात कालवलेलं पीठ ओतलं. चर्रकन कडा कुरकुरीत झाल्या, मधे जाळी पडली.

वेंडेलने एक खाल्लं. मग ताटलीकडे बघत म्हणाला, "रविवारी जरा जाड करशील?"

लोइसला वाटलं आपल्याला ऐकू कमी यायला लागलं.

"काय कर?"

"जाड. उकळत्या पाण्यातलं. सगळे करतात तसं."

"थिओ करते तसं म्हण ना."

"मी थिओचं नाव घेतलं नाही."

"अरे मेल्या, साठ वर्षं माझ्या हातचं गिळतोयस, आईच्या हातचं गिळलंस, आणि आज तुला गोवऱ्या हव्या झाल्या? जा की मग गडग्यापलीकडे. ती तुला सुनांच्या पंक्तीत बसवील."

वेंडेल उठला. टोपी घालून निघून गेला. ताटलीत दोन जॉनीकेक तशीच राहिली. असं कधी झालं नव्हतं.

लोइसने ताटली आदळली. नवरा थिओचा जिवंत, मुलं तिची, दात तिचे, आणि आता भाऊसुद्धा? ती काठी घेऊन तडक टेकाडावर गेली. सपाट झालेला पट्टा धरून उतरली. काल ती गडगा ओलांडून थिओला धरायच्या घाईत होती. आज पट्टा जिथे संपतो तिथे थांबून, आपल्याच बाजूने, तिने गडगा बघितला.

गडग्याच्या दगडांवर दगडफूल चढलेलं असतं, करडं, हिरवट, कुठे नाण्याएवढं, कुठे हातभर. ते बाहेरच्या बाजूलाच येतं. लोइसला हे शाळेत शिकवलेलं नव्हतं, शाळेत ती होतीच किती? तिला बापाने गडग्यावर शिकवलं होतं, वेंडेलच्या बरोबरीने. ढासळलेला दगड परत ठेवताना दगडफूल बाहेर. आत वळवलंस तर गडगा टकला दिसतो आणि लोक रचणाऱ्याला हसतात.

आणि इथे, पट्ट्याच्या टोकाशी, चार-पाच दगड टकले होते.

तिने एक हलवून बघितला. हलला नाही. दुसरा, तोही घट्ट. फटींत बारीक खडे ठासून बसवलेले. काठीची पहार करून तिने शेवटी वरचा दगड काढला, मग खालचा. गडगा दोन भिंतींचा असतो, मधल्या पोकळीत चुरा भरलेला. इथे चुरा नव्हता. तिथे जाड लोकरीची घोंगडी होती, आणि घोंगडीत गुंडाळलेलं काळं, सपाट, थंड.

एका टोकाला घोंगडी सुटली होती. पंखांचा चेहरा तिच्याकडे बघत होता.

"सापडलीस," लोइस म्हणाली. खाली वाकून तिने घोंगडी उलगडायला हात घातला, आणि तसाच थांबवला.

दगड टकले होते ते तिच्या बाजूला. थिओच्या बाजूचं दगडफूल जसंच्या तसं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. गडगा उघडला होता तो तिच्या शेतात उभं राहून.

तिने घोंगडी परत सारखी केली, दगड जागेवर लावले, आणि कुणाला एक शब्द बोलली नाही.

५

शनिवारी सकाळी लोइस चुलीपुढे उभी होती. पिठाचं भांडं एका हातात, दुधाचं दुसऱ्या. रागाने तिला झोप लागली नव्हती, आणि आता राग बाजूला ठेवून डोकं चालवायची पाळी होती. तिचं डोकं चालायचं ते हात कामात असले की.

तिने पीठ घेतलं.

चोर विकणारा असता तर पायांकडचा दगडही नेला असता, जोडीला भाव येतो. तो ठेवला, म्हणजे शिळा परत त्याच रेषेत उभी करायची होती. शिळा फोडली नाही, घोंगडीत गुंडाळली. म्हणजे चोराला तिची काळजी होती. लपवली ती रविवारपुरती.

तिने मीठ घातलं.

दगड टकले, पण हलत नव्हते. नवशिक्याने रचले असते तर डगडगले असते. ज्याला इतकं घट्ट बसवता येतं, त्याला दगडफूल कुठल्या बाजूला हे कळत नाही? त्याने ते मुद्दाम आत वळवलं, खूण म्हणून, परत येऊन तीच जागा सापडावी म्हणून. लोकांना गडगा म्हणजे गडगा. ती खूण फक्त गडगेवाल्याला दिसावी.

गावात असे हात एकाचेच.

पण का? वेंडेलला वंशाचं काय पडलंय? पेशन्स काय आणि डॉर्कस काय, त्याला दोघींपेक्षा त्याचा बैल जवळचा. आणि काल हे जाड जॉनीकेकचं खूळ कुठून आलं?

तिने दूध ओतलं, थंड, आई ओतायची तसं. आईला आजीने शिकवलं. आजी इथे सून म्हणून आली तेव्हा तिला तिच्या सासूने, याच चुलीपुढे. माहेरून प्रत्येक सून जाड करत आली आणि या घरात पातळ करायला शिकली. मुली इथून गेल्या त्या नवऱ्याच्या घरी जाड करत्या झाल्या. पातळ फक्त या चुलीचं.

आख्ख्या गावात एक तुझंच घर, थिओ म्हणाली होती. इथे खाडीच्या अलीकडे सगळ्यांकडे जाडच होतात.

खाडीच्या अलीकडे.

मग खाडीच्या पलीकडे?

लोइसच्या हातातली पळी तशीच राहिली. तव्यावरची चरबी धुरायला लागली. बेटावर ती एकदाच गेली होती, मेरिलबरोबर, लग्न झाल्यावर. तिथल्या खानावळीत जॉनीकेक आलं होतं. कागदासारखं, जाळीचं, दुधातलं. मेरिल हसून म्हणाला होता, 'बघ, तुझ्या आईचा हात इथपर्यंत पोचलाय.' आणि ती फुगून बसली होती, की यांनी आमचं चोरलं.

चोरलं कुणी नव्हतं. बेटावरून एक बाई दूध काढायला आली होती. ती या घरात मालकीण झाली, म्हातारी झाली, आणि या चुलीपुढे बसून तिने आपल्या सुनेला पीठ थंड दुधात कालवायला शिकवलं. म्हातारी आई ज्याच्याजवळ राहते तो शेंडेफळ. घर त्याचं. स्टीफनचं.

पेशन्सने या चुलीवर कधीतरी जाड केली असतील. ती शिकवायला राहिली नाही. तिचा जोब आपला तुकडा घेऊन वेगळा झाला, गडग्यापलीकडे.

दार वाजलं. वेंडेल आत आला, टोपी काढली, बसला.

"धूर झालाय," तो म्हणाला.

"होऊ दे." लोइसने तवा उतरवला. "खाली काय कोरलंय?"

वेंडेलने ताटली जवळ ओढली. "कुठे?"

"वेंडेल, मी गडगा उघडून बघितलाय. वाचलं मात्र नाही. तू वाचलंयस. सांग."

"'ही शिळा तिच्या एकुलत्या एका मुलाने उभारली,'" वेंडेल म्हणाला. "'स्टीफनने.'"

चुलीत लाकूड फुटलं.

"मास्तरने मला विचारलं होतं, सरळ करतोस का. मला वाटलं रविवारसाठी बरी दिसेल. बुधवारी उपटली. माती पुसली तर हे निघालं." त्याने टोपी फिरवली. "मग परवा मास्तरने बेटावरच्या जॉनीकेकचं सांगितलं. म्हणाला, मजेची गोष्ट आहे. मला काही मजा वाटली नाही."

"म्हणून जाड कर म्हणालास. मास्तरला शिळा दिसू नये आणि जॉनीकेकही दिसू नये."

"सोमवारी परत पुरणार होतो. होती तेवढीच खोल."

"मला सांगितलं का नाहीस?"

वेंडेलने पहिल्यांदा वर बघितलं. "काय सांगू? तू दरवर्षी त्या तव्यापुढे उभी राहतेस तेव्हा तुझं तोंड मी बघतो. बाकी वर्षभर ते तसं नसतं. तुझ्याकडे त्या पळीशिवाय आहे काय, लोइस?"

एवढं लांब वाक्य तो त्याच्या बायकोच्या दफनालाही बोलला नव्हता. लोइसने त्याच्याकडे पाठ केली. बराच वेळ ती भांडं ढवळत राहिली, पीठ केव्हाच एकजीव झालं होतं.

"मास्तर उद्या नुसतं शेंडेफळाचं सांगेल," वेंडेल म्हणाला. "त्याच्याजवळ दाखवायला काही नाही. तू गप्प राहिलीस तर कोण काय करणार आहे?"

ते खरं होतं. शिळा गडग्यात होती, आणि गडगा बोलत नाही. रविवारी हार्लनने काहीही म्हणावं, तिने त्याला बुटांपासून झाडून काढावं, आणि पळी उचलावी. थिओ थाळी धरून उभी राहील. नेहमीसारखी.

लोइसने तवा परत चुलीवर ठेवला.

"फळी कुठे आहे?" तिने विचारलं.

६

रविवारी अंगणात माणूस मावत नव्हता. हार्लन पेक हातात टोपी घेऊन घसा साफ करत होता. मोठा तवा तापला होता, आणि तव्याशेजारी घोंगडी पांघरलेलं काहीतरी सफरचंदाच्या झाडाला टेकून उभं होतं.

"मास्तर, बसा," लोइस म्हणाली. "तुमच्या आधी मला बोलायचंय. तुमच्यासारखं लांबण लावत नाही."

तिने घोंगडी ओढली.

वेंडेलने शिळा स्वच्छ धुतली होती. खालच्या ओळी इतकी वर्षं मातीत असल्यामुळे काल कोरल्यासारख्या होत्या. पुढची माणसं वाकून वाचायला लागली, मागची पुढच्यांना विचारायला लागली. लोइसने चुलीचं, बेटाचं, दुधाचं सगळं सांगितलं, हार्लनला शेंडेफळाचं सांगू दिलं, आणि मधेच त्याला 'पुरे' म्हणून थांबवलं. शिळा सरळ करायला काढली होती, एवढंच ती म्हणाली. कुणी काढली आणि मधे कुठे होती, ते विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

थिओ थाळी धरून पुढेच उभी होती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"म्हणजे पेशन्स…"

"तुझी. जोब तिचा. तुमची जाड जॉनीकेकही तिचीच. ये इकडे." लोइसने पळी तिच्यापुढे धरली. दांडा लाकडी, हातांनी काळा झालेला. "घे, धर. गरम नाही."

"लोइस, राहू दे. इतकी वर्षं…"

"मागे लोक भुकेले आहेत, थिओ. रडायचं असेल तर पिठात नको, खारट होईल."

थिओने थाळी कुणाच्यातरी हातात दिली आणि पळी घेतली. तिने घरून उकळत्या पाण्यातलं पीठ आणलेलं नव्हतं, भांड्यात लोइसचंच होतं, पातळ. तिने पहिली पळी घातली. ती वेडीवाकडी पसरली, एका कडेला फाटली. थिओ त्या फाटक्या जॉनीकेककडे असं बघत होती की जणू पाळण्यात बघतेय. तिचे चार मुलगे टाळ्या वाजवत होते, नवरा डोळे पुसत होता.

लोइसला पुन्हा तोच जुना हेवा वाटला. तिच्या स्वतःच्या तोंडावर एवढं सुख इतक्या वर्षांत एकदा तरी दिसलं असेल का? असेल. वेंडेल म्हणाला होता ना.

"उलट आता," ती म्हणाली. "नाहीतर मास्तरला खायला घालशील ते."

थिओने उलटलं. तुटलं. सगळे हसले, थिओही. मग तिने पळी परत पुढे केली.

"दुसरी तुझी, लोइस. दुसऱ्या बायकोची."

लोइसने बाह्या सारल्या. तव्यावर चरबी फिरवली, पळी ओतली, मनगट एकदाच फिरवलं. गोल, जाळीदार, कडा सोनेरी. हळूहळू रांग सरकली आणि सगळ्या थाळ्या, थिओच्या मुलांच्यासुद्धा, तिच्या हाताखाली येऊन उभ्या राहिल्या.

संध्याकाळी अंगण रिकामं झाल्यावर वेंडेल शिळा फळीवर घेऊन टेकाडावर निघाला. लोइस काठी टेकत बरोबर गेली. खड्डा तसाच होता. पेशन्सची शिळा पलीकडे उभी होती, सरळ, ताठ.

वेंडेलने शिळा खड्ड्यात उतरवली आणि बहिणीकडे बघितलं. "इतकी ठीक आहे?"

लोइसने एक डोळा मिटून दोन्ही शिळांची डोकी ताडून बघितली.

"वर घे."

"खालच्या ओळी दिसतायत."

"दिसू देत. पेशन्सपेक्षा चार बोटं वर येऊ दे."

"जमीन इथे खोलगट आहे, लोइस."

"मग खाली दगड घाल," लोइस म्हणाली. "तुला दगड बसवायला मी शिकवायला हवं का?"